बांगड्याचं डोकं, काटे काढून

क्लोतील्द लेकीकडे स्विंडनला गेली
तेव्हा बाल्कांवाच्या कठड्यावर ठेवून गेली
घराची किल्ली, अर्धी बाटली फेणी,
आणि विजेच्या बिलामागे लिहिलेल्या तीन ओळी:
बांगड्याचं डोकं, काटे काढून.
पावसात खिडकी उघडी.
पोटाला हात लावायचा नाही.
सिन्योर गडग्यावर बसून आमचा व्यवहार बघत होता,
डावा कान फाटका, छाती पांढरी,
मिसाला निघाल्यासारखा.

मी दिवाडीच्या फेरीबोटीवर दोर टाकणारा माणूस.
सव्वीस वर्षं. या काठाहून त्या काठाला.
मांजराचं मला काय कळणार?
चौथ्या दिवशी तो अंगणात उताणा लोळला,
मी वाचलेलं विसरून हात घातला
आणि आठवडाभर दोर ओढताना
मनगटावरच्या चार रेघा खाऱ्या पाण्याने चुरचुरत राहिल्या.
बाबुसो म्हणाला, दाखवणं वेगळं, देणं वेगळं.
बाबुसोचं लग्न झालेलं नाही.

मग चिचुंद्री.
पहाटेच्या पाळीला निघालो तर उजव्या चपलेत,
मेलेली, नीट ठेवलेली, शेपूट बाहेर.
शिवी हासडून मी ती माडाच्या आळ्यात भिरकावली.
तो बघत राहिला.
पहिल्या पगाराचं घड्याळ मी बापाला दिलं,
त्याने ते न बांधताच कपाटात ठेवलं,
तेव्हा मी बघितलं असेन, तसा.
दुसऱ्या दिवशी सरडा. लहान.
मला पचेल असा.

सगळ्यात जास्त राग यायचा तो त्याच्या पाठीचा.
खाऊन झालं, ओठ चाटून झाले
की माझ्याकडे पाठ करून दाराकडे तोंड,
जणू मी भिंत.
ते जुलैत एका रात्री उलगडलं, शेवटच्या फेरीला.
मांडवी फुगलेली, लाल, फांद्या वाहून आणणारी.
वर केबिनमध्ये आंतोन मास्तर, नजर धक्क्यावर.
मी दोर अडकवला की नाही
हे त्याने वळून पाहिलं नाही.
सव्वीस वर्षांत एकदाही नाही.
घरी आलो. सिन्योरने पाठ केली.
मी ओल्या पँटीनेच त्याच्यामागे जमिनीवर बसलो.
दाराबाहेरचा अंधार त्याच्याकडे,
त्याच्या मागचं सगळं माझ्याकडे.

डोळ्यांचंही तसंच निघालं.
रात्री पलीकडच्या धक्क्यावर कुणी अडकलं
तर स्कूटरचा दिवा एकदा विझवून पुन्हा लावतो.
आम्ही इथून तसंच करतो:
दिसलास. थांब. येतो.
फ्रिजवरून तो तेवढंच म्हणतो, सावकाश पापण्या मिटून.
मी उत्तर देतो.
घरात तिसरं कुणी नाही, म्हणून लाज वाटत नाही.

रोज संध्याकाळी पोदेराचा भोंगा वाजून गेला
की तो क्लोतील्दच्या बंद दारापुढे जातो.
बाल्कांवाच्या बाकावर, डाव्या कोपऱ्यात, तिच्या जागेवर,
थंड सिमेंटावर पंजे दाबत राहतो, आळीपाळीने,
खाली मांडी असल्यासारखे.
मग येऊन माझ्या नडगीला कपाळ घासतो,
डिझेलचा वास पुसून स्वतःचा लावतो.

रविवारी तिचा व्हिडिओ कॉल. अंगावर दोन स्वेटर.
माझी आठवण काढतो का रे?
बाकाचं अगदी ओठांवर आलं.
खातो, म्हटलं. शंभरला तीनच बांगडे येतात आता, पण खातो.
फोन त्याच्यापुढे धरला.
त्याने काच हुंगली,
वास नसलेल्या बाईकडे जरा वेळ पाहिलं
आणि पाठ करून बसला.
तिचा चेहरा उतरला.
थांब, मी म्हणालो, हे वाईट नाही,
ह्याचा अर्थ असा की
आणि तिकडे तिचे डोळे अर्धे मिटले, तसेच राहिले.
नेटवर्क असेल. पावसात दिवाडीला जातंच.
मी माझेही मिटले, सावकाश.
उघडले तेव्हा फोन काळा होता
आणि सिन्योर खिडकीशी ओरडत होता.
सर आली होती.
उघडायची राहिली होती.